तेहेतीस बटनांचा झगा

पाळक अनिल कचरू पाटोळे हा माझा सख्खा, पाठचा भाऊ. चकलांब्याच्या आमच्या वस्तीतून पाळक झालेला पयला मानूस. दुसरा कोन आसल तर मला दाखवा, मी दुकान बंद करून तेच्या पाया पडायला येतो. ह्या गोष्टीत अनिलचा थोरला भाऊ बी येतो, बंकट टेलर. तो म्हंजी मीच. पन मी तेला बंकटच म्हननार हाय, कावून की मानूस स्वताचं सांगाया लागला की लोकं निम्मंच ऐकतात. आन अनिलच्या मनात काय चाललं व्हतं ते मी माझ्या पदरचं सांगत न्हाई. तेनंच नंतर सगळं सांगितलं, आन पाळक मानूस खोटं बोलत न्हाई. ते कसं, ते पुढं यील.

वस्तीत ख्रिस्ती घरं सतरा. दसरा झाला की त्यातल्या चौदा घरांना कुलूप लागतं. मानसं कोयते घिऊन उसाला जातात ती पाडव्याच्या आसपास परत येतात. अनिलचे आई-बाप, भिमाबाई आन कचरू, हे बी जायाचे. अनिल दुसरीत गेला त्या साली बंकट सहावीत व्हता. बापानं दोघांची बी वळकटी बांधली. बंकटनं अनिलची वळकटी सोडली, मंग स्वताची सोडली, आन म्हनला, "हा शाळा शिकंल. मी भाकरी थापतो." तेव्हापसून बंकटची शाळा सुटली. सकाळी भाकरी, दिवसभर बाजारतळावरच्या टेलरच्या दुकानात काज-बटनाचं काम. दोन वर्षात बंकटच्या हातच्या काजाला तालुक्यात तोड ऱ्हायली न्हाई. हे मी म्हनत न्हाई, गेवराईचे दुकानदार म्हनायचे.

अनिलच्या अंगावर कायम बंकटचं कापड. बंकटचा सदरा जुना झाला की तो उसवायचा, बारीक करायचा आन अनिलला घालायचा. नवा कपडा अनिलला मिळाला तो थेट बाप्तिस्म्याच्या सालगिरीला, तो बी बंकटनं शिवलेला. शाळंतली पोरं म्हनायची, "ह्याचा सदरा ह्याच्यापरीस वयानं मोठा हाय." अनिलला राग यायचा न्हाई. तेला वाटायचं, सगळ्यांचेच सदरे थोरल्या भावाकडून येतात.

अनिल नववीत गेला आन एका पावसाळ्यात वाढला. सदऱ्याच्या बाह्या मनगटाच्या वर गेल्या. बंकटनं बगितलं, बाही ओढून बगितली आन म्हनला, "कापड आटलं." दहावीला पँट नडगीवर आली. "हे बी आटलं. धुनारानं गरम पान्यात टाकलं आसल." धुनारी भिमाबाईच व्हती. ती काय बोलली न्हाई. बारावीला अनिल अंबाजोगाईला गेला तवा एसटीच्या दारात उभा राहून तेनं निरोप घेतला. खाली बंकट उभा. अनिल पायरीवरून खाली उतरला तरी तेला बंकटच्या डोक्याचा भोवरा दिसत व्हता. तेनं ते तेव्हाच पाह्यलं. बोलला मात्र न्हाई. ज्यानं आपल्यासाठी सहावी सोडली, तेला "मी तुज्यापरीस उंच झालो" हे सांगायचं कसं, हे तेला सुचलं न्हाई. मंग सुचलंच न्हाई. बारा वरसं गेली.

ह्या बारा वरसांत बाप देवाघरी गेला, अनिल कॉलेज शिकला, पुण्यात जाऊन धर्माचं शिक्षान घेतलं, वनमालाशी लगीन केलं, आन अंबाजोगाईच्या चर्चात डिकन म्हनून लागला. डिकन म्हंजी पाळकाच्या खालची पायरी, पन लोकं तेला बी पाळकच म्हनतात. तेच्या गळ्यात पांढरी कॉलर आली. बाकी सदरा काळा, मधी हे पांढरं बोटभर.

ती कॉलर घालून तो पयल्यांदा गेवराईहून बीडला एसटीनं निघाला. शेजारी एक म्हातारा बसला. म्हाताऱ्यानं गळ्याकडं बगितलं, पिशवी मांडीवर घेतली आन त्यातून कागद काढले.

"वकीलसाहेब, माझ्या बांधाची तारीख कावून पडत न्हाई?"

"मी वकील न्हाई, बाबा. पाळक हाय."

"काय पाळता? शेळ्या का कोंबड्या?"

"मानसं."

म्हातारा जरा इचारात पडला. "मंग वकीलच की," म्हनला आन कागद पुढं केले.

अनिलनं कागद वाचले. बीड येईस्तोवर तेला बांधाचं प्रकरन समजावून सांगितलं, तेवढं तर तेला येतच व्हतं. उतरताना म्हातारा म्हनला, "तुमच्या गळ्यातलं ते पांढरं हाय ना, ते बगूनच मी कागद काढले. न्हाईतर मी कोनाला दाखवत न्हाई." अनिलला हे लई दिवस आठवत ऱ्हायलं. म्हातारा चुकला व्हता, पन कापडानं आपलं काम केलं व्हतं.

आता हल्ली उपासनेत घालायच्या झग्याचं आन कॉलरचं काय ऱ्हायलंय, आसं इचारनारे बी हायत. अनिलचा दोस्त प्रविण हा बीडला एका भाड्याच्या हॉलात मंडळी, म्हंजी स्वताचं चर्च, चालवतो. जीन पँट, टी-शर्ट, कानापाशी माईक. तेच्याकडं तरनी पोरं लई येतात. एकदा दोघं चहाच्या टपरीवर बसले व्हते.

"कावून आडकून बसला बे त्या झग्यात?" प्रविण म्हनला. "येशूनं झगा शिवून घेतलता का? त्या काळात सगळेच झगे घालायचे. आज आसता तर टी-शर्ट घातला आसता."

"घातला आसता."

"मंग?"

"आमच्या वस्तीत ताराबाई म्हनून एक आत्या हाय. मी पँट-सदऱ्यावर गेलो की म्हनती, अन्या, घागर भरून आन. मी भरून देतो. त्याच दिवशी सांजच्या उपासनेला झगा घालून गेलो की उठून उभी ऱ्हाती, सलाम पाळकसाहेब म्हनती, आन हळूच सांगती की लेक आपल्याला बोलत न्हाई. ते ती अन्याला सांगनार न्हाई, प्रविण. अन्याला तिनं नागडं ओढ्यात डुंबताना बगितलंय. ती झग्याला सांगती."

"म्हंजी झगाच पाळक. तू कोन?"

"मी झग्याच्या आतला," अनिल म्हनला. "मला झाकाया तर तो आसतो."

प्रविण हसला. चहा तेनंच पाजला. पटलं न्हाई तेला, आन अनिलला बी पटवायचं नव्हतं.

मंग ह्या साली बिशपसाहेबांच्या हातून अनिलची पाळकपदाची दीक्षा ठरली. रविवार धरला तो दसऱ्याच्या आधीचा, कावून की दसऱ्यानंतर चकलांब्यातून बगाया यायला कोन उरत न्हाई. डिकन आसताना तो चर्चातलाच एक जुना झगा घालायचा. दीक्षेला मात्र स्वताचा लागतो. वस्तीतल्या बायांनी मिळून पांढऱ्या कापडाचा तुकडा घेतला आन बंकटच्या दुकानात आनून ठिवला. ताराबाई म्हनली, "बंकट, आमचा पाळक उठून दिसला पायजे."

"आत्या, झगा बगून बिशप मला इचारंल, हे मुंबईला शिवलं का, म्हनून," बंकट म्हनला.

अनिलचा फोन आला. "दादा, चर्चातला जुना झगा पाठवतो. मापाला."

"मापाला? माझ्या भावाचं माप मी दुसऱ्याच्या कापडावरून घिऊ? सहा वरसाचा व्हता तवापसून तुझ्या अंगावर माझीच शिलाई हाय बे. तुझं माप मला तोंडपाठ हाय."

"तरी बी..."

"बटनं किती लावतात?"

"पाच-सहा लावली तरी चालतं."

"चालतं म्हंजी? येशू किती वरसाचा व्हता वर गेला तवा?"

"तेहेतीस."

"मंग तेहेतीस."

आन बंकटनं तेहेतीस लावली. गळ्यापासून खालपस्तोर एका ओळीत. काजं मशीनवर न्हाई, हातानं. एक काज म्हंजी पाऊन घंटा. गिऱ्हाइकांचे शाळंचे गनवेश पडून ऱ्हायले, तेनं पर्वा केली न्हाई. आतून डाव्या बाजूला चोरखिसा बी लावला. उसाला जानाऱ्या मानसाच्या प्रत्येक कपड्याला बंकट चोरखिसा लावतो, ती तेच्या हाताची सवय. मदीमदी फोन करून इचारायचा. "दोरी कशाला आसती कमरेला?" "कंबर कसून कामाला निघालेला मानूस, दादा." "आन गळ्यातला पट्टा?" "तेला स्टोल म्हनतात. ते जू हाय. बैलाच्या मानंवर आसतं तसं." बंकट म्हनायचा, "आस्सं. मंग शिवन दोनदा मारतो. जू तुटाया नको."

कापड उरलं तवा त्या उरलेल्यात तेनं स्वतासाठी एक सदरा बेतला. दोघं भाऊ एकाच कापडात चर्चात बसनार, हा तेचा इचार. सदरा बसवायचा म्हनून तेनं झग्याच्या खालच्या काठाला दाब ठिवला न्हाई. दाब म्हंजी आत दुमडून ठिवलेलं जास्तीचं कापड, पुढं वाढवायचं झालं तर. बंकट म्हनायचा, "दाब तो ठिवतो ज्याला मापाचा भरोसा न्हाई."

झगा झाला तवा दुकानाच्या आरशापुढं तेनं स्वता घालून बगितला. काठ बरोब्बर अंगठ्यावर टेकला. बाही मनगटाच्या हाडावर. तेनं ताराबाईला बोलावून दाखवला. ती म्हनली, "तूच हो पाळक."

वनमाला म्हायेराहून परतताना चकलांब्याला थांबली आन शनवारी दुपारी झगा पिशवीत घालून अंबाजोगाईला घिऊन आली. अनिलनं घातला. तेहेतीस बटनं लावायला टाइम लागला. वनमाला खालून लावत आली, तो वरून. मदी सतराव्या बटनाला दोघांची बोटं भेटली आन दोघं हसले. मंग वनमाला मागं सरकून बगाया लागली आन हसायची थांबली.

झगा घोट्याच्या वर चार बोटं व्हता. आतली पँट बी बंकटच्याच मापाची, म्हनून खाली मोजे आन मोज्याच्या वर नडगी. बाह्या मनगट सोडून वर.

"अवो, हा तुमच्या मापाचा न्हाई," ती म्हनली.

"हाय. दादाच्या."

थोरले पाळक, परमेश्वर पाळकसाहेब, शेजारच्या खोलीत ऱ्हायचे. ते आले, अनिलभोवती एक फेरी मारली. "शिलाई कुनाची? काजं बगा काजं! पन भाऊ, हे चालंल कसं? तुला म्हाईत हाय बिशपसाहेबांची रीत."

बिशपसाहेबांची रीत अशी की दीक्षेला ते एकेक वस्त्र हातात घेतात, सगळ्या मंडळीपुढं उमेदवाराला इचारतात, हे काय हाय आन कशाला हाय. सांगितलं तरच अंगावर चढवतात. मुकाट कापड ते कोनाला घालू देत न्हाईत.

"तुला नक्की इचारतील," परमेश्वर पाळकसाहेब म्हनले. "माझा दुसरा झगा हाय. लांब हाय. तो घाल. हा घरच्या उपासनेला ठिव."

ते गेल्यावर अनिल झगा घालूनच खुर्चीवर बसला. इचार केला तर परमेश्वर पाळकसाहेबांचंच खरं व्हतं. झगा मानूस झाकाया आसतो हे तर तोच प्रविणला सांगत व्हता. आता लोक झगा बगनार न्हाईत, नडगी बगतील. पन सकाळी दोन क्रूझर गाड्या भरून चकलांबा येनार व्हता, तो झगा बगायलाच. त्यात भिमाबाई, ताराबाई, आन पुढच्या शिटावर बंकट. अनिलनं फोन लावला.

"दादा, झगा लई भारी झालाय."

"होनारच."

"जरासा आखूड वाटतोय."

फोनवर मशीनचा आवाज थांबला. "तू सरळ उभा न्हाईस."

"सरळच हाय."

"मंग कापड आटलं. मी पान्यात भिजवून घेतलं न्हाई. त्या दुकानदाराला सोडत न्हाई."

"पांढऱ्या कापडाची पट्टी जोडून घिऊ का इथल्या टेलरकडून? चार बोटं."

"माझ्या शिलाईला दुसऱ्याची सुई लागली ना अनिल, तर मी उद्या येत न्हाई."

तेनं अन्या म्हनलं न्हाई, अनिल म्हनलं, म्हंजी राग खरा व्हता. अनिलनं फोन ठिवला आन वनमालाला म्हनला, "हाच घालनार."

"आन इचारलं तर?"

"म्हनीन, कापड आटलं."

"पाळक व्हायच्या पयल्या घडीला?" वनमाला म्हनली आन भांडी घासाया गेली.

एवढंच व्हतं सगळं. खोटं बोललं तर दीक्षेचा पयला शब्दच खोटा. खरं बोललं तर साऱ्या गावापुढं बंकट टेलरची इज्जत जायची, ज्याला सख्ख्या भावाचं माप घेता आलं न्हाई. दोन्हीकडून वाट बंद. अनिल प्रार्थनेला बसला तरी तेच्या डोक्यात तीच चार बोटं.

रविवारी धा वाजता चर्च भरलं. चकलांब्याची मानसं डाव्या बाजूला बसली. बंकट तिसऱ्या बाकावर, नव्या पांढऱ्या सदऱ्यात, कडंला भिमाबाई. अनिल पुढं उभा, अंगावर काळा सदरा-पँट, गळ्यात कॉलर. बिशपसाहेब म्हातारे, आवाज बारीक पन लांब जानारा.

पयल्यांदा तेंनी कॉलरला बोट लावलं. "हे काय?"

"दावं हाय, साहेब. जनावराच्या गळ्यात आसतं तसं. मी मोकाट न्हाई, माझा मालक हाय, हे लोकांना लांबून कळावं म्हनून."

मंडळीत कोनीतरी आमेन म्हनलं. बिशपसाहेबांनी झगा हातात घेतला, उलगडला. बटनांवरून बोट फिरवत खालपस्तोर गेले. "बटणं किती?"

"तेहेतीस. प्रभूच्या वयाइतकी."

"हातची काजं?"

"हातची."

तिसऱ्या बाकावर बंकट दोन इंच उंच झाला.

"झगा कशाला?"

"मानूस झाकाया. मी कोनाचा पोरगा, कोन्या वस्तीतला, शिकलेला का अडानी, ते दिसू न्हाई. लोकांना सेवा दिसावी."

बिशपसाहेबांनी मान हलवली आन झगा अनिलच्या अंगावर चढवला. परमेश्वर पाळकसाहेबांनी बटनं लावायला मदत केली. ते लावताना तेंनी वर बगितलं न्हाई. झालं. बिशपसाहेब मागं सरकले, खाली बगितलं, वर बगितलं.

"माणूस झाकायला म्हणालास. मग पाय का उघडे?"

अनिलनं तोंड उघडायच्या आधी तिसऱ्या बाकावरून आवाज आला. बंकट उभा ऱ्हायलता.

"कापड आटलं, साहेब! पांढरं कापड आटतंच."

लोकं वळून बगाया लागली. बिशपसाहेबांनी बंकटकडं बगितलं, तेच्या सदऱ्याकडं बगितलं. सदरा त्याच कापडाचा व्हता आन बंकटच्या अंगावर बरोब्बर बसलेला व्हता, कुठं आटलेला दिसत नव्हता. ते परत अनिलकडं वळले.

"कापड आटलं का?"

अनिलला नुसती मान हलवायची व्हती. बोलायचं बी नव्हतं. तो सांगतो, त्या टायमाला तेला बारा वरसांपूर्वीचा एसटीचा दरवाजा दिसला, खाली उभा बंकट आन तेच्या डोक्याचा भोवरा.

"न्हाई साहेब," तो म्हनला. "कापड आटलं न्हाई. हा झगा माझ्या थोरल्या भावाच्या मापाचा हाय. तेनं माझ्यासाठी सहावीतून शाळा सोडली. तवापसून मी तेच्याच मापाचं घालत आलो. नववीत मी तेच्यापरीस उंच झालो. ते तेला म्हाईत न्हाई."

"माहीत नाही, की मान्य नाही?" बिशपसाहेब म्हनले.

आख्खं चर्च हसलं. चकलांब्याची मानसं जास्त हसली, ताराबाई तर तोंडाला पदर लावून. बंकट उभाच व्हता. भिमाबाईनं तेचा सदरा धरून खाली बसवला.

बिशपसाहेब हसले न्हाईत. कमरेला दोरी बांधली, गळ्यात स्टोल घातला, जू म्हंजी काय ते इचारलं, अनिलनं सांगितलं, तेच्या डोक्यावर हात ठिवला आन दीक्षा पुरी केली. झगा तोच ऱ्हायला. परमेश्वर पाळकसाहेबांचा लांब झगा बाजूच्या खोलीत खिळ्याला टांगलेला व्हता, तो कोनी आनला न्हाई.

जेवन व्हतं, भात आन मटनाचा रस्सा. बंकट पंगतीला बसला न्हाई. क्रूझरमधी जाऊन बसला, काच वर करून. अनिल गेला, काच वाजवली, बंकटनं बगितलं न्हाई. मंग भिमाबाई ताट घिऊन गेली. तिला तेनं काच उघडली.

"चार मानसांत लाज काढली माझी," बंकट म्हनला.

"तुझा बाप लई उंच व्हता," भिमाबाई म्हनली. "तू माझ्यावर गेलास. अन्या तेच्यावर गेला. त्यात तुझी लाज कशाची? जेव."

"तू कवा बोलली न्हाईस."

"तू इचारलं व्हतं का कवा? तुला सगळं म्हाईतच आसतं."

बंकट जेवला. मटनाच्या वासानं जेवला का आईच्या बोलन्यानं, ते मी सांगत न्हाई.

परत येताना अनिल आन वनमाला बी चकलांब्याला निघाले. वस्तीत दुसऱ्या दिवशी उपकारस्तुतीची उपासना व्हती. अनिल मागच्या शिटावर, बंकट पुढं. बीड मागं पडलं. मंग बंकट मागं न वळता म्हनला,

"बटनं खरंच मोजली का तेंनी?"

"मोजली. निघताना म्हनले, आजवर एवढी हातची काजं झग्याला पाह्यली न्हाईत."

"खरं सांगतो का?"

"आता मला खोटं बोलता येतं का, दादा?"

बंकटनं काच खाली केली. गेवराईला क्रूझर डिझेलला थांबली तवा तो उतरला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिल दारात तोंड धूत व्हता. बंकट आला. गळ्यात माप घ्यायची टेप, कानावर पेन्सिल, काखंत वही. सलाम बी न्हाई.

"उभा ऱ्हा. भिंतीकडं तोंड कर."

अनिल उभा ऱ्हायला. बंकटनं टेपचं टोक मानंच्या हाडावर धरायला हात वर केला. हाड नजरंच्या वर व्हतं. इकडं तिकडं बगितलं आन भाकरी थापताना बसायचा पाट पायानं ओढून त्यावर चढला. टोक धरलं, खाली उतरला, टेप जमिनीपस्तोर आनली, गुडघ्यावर बसून आकडा वाचला. परत चढला, परत उतरला. तिसऱ्यांदा मोजून म्हनला, "चप्पल काढ."

"काढलीये, दादा. पायात काय न्हाई."

बंकटनं पायाकडं बगितलं. खरंच काय नव्हतं. तेनं आकडा वहीत लिहिला, वर नाव लिहिलं: पाळक अनिल. बारा वरसांत त्या वहीत अनिलचं माप पयल्यांदा आलं.

दुकान उघडलं. झगा टेबलावर पसरला. दाब तर ठिवलेला नव्हता. बंकटनं कालचा नवा सदरा खुंटीवरून काढला, खालून चार बोटांची पट्टी कात्रीनं कापली, आन कमरंवर आलेला सदरा परत खुंटीला लावला. पट्टी काठाला जोडून मशीन चालू केली.

ताराबाई घागर घिऊन चालली व्हती. दारात थांबली. तिला कालचं हसू अजून आवरलेलं नव्हतं.

"काय बंकट? आटलं का कापड?"

बंकटनं पाय थांबवला न्हाई, डोळे बी वर केले न्हाईत.

"न्हाई, आत्या. भाऊ वाढला," तो म्हनला. "आख्ख्या जिल्ह्यात एवढ्या उंचीचा पाळक दुसरा दाखव."